तुम्ही विचारलंत म्हणून : कोल्हापूरची असूनही मी ती 'खोटी' कुस्ती का बघते

हा प्रश्न मला अनेकांनी अनेक तऱ्हांनी विचारला आहे. कचेरीतले सहकारी तो हसत विचारतात, भाचरे कुतूहलाने विचारतात आणि आमच्या गल्लीतले जुने पैलवान जवळजवळ दुखावलेल्या स्वरात विचारतात, की खासबागेचे मैदान ज्या गावात आहे त्या गावात वाढलेली ही बाई, खरी कुस्ती दारात असताना, अमेरिकेतली निकाल आधीच ठरवून केलेली कुस्ती लहानपणापासून आजतागायत कशी काय बघत आली? आजवर 'आवडते म्हणून' एवढे सांगून मी सुटका करून घेत असे. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून नीट उत्तर देते.

खरी कुस्ती दारात होती हे खरेच आहे, पण त्या दाराच्या आत मला प्रवेश नव्हता. माझ्या लहानपणी तालमीच्या हौद्यात मुलीने पाऊल टाकणे कोणाच्या मनातही येत नसे. माझा भाऊ पहाटे जोर-बैठका काढायला जाई आणि घरी आल्यावर ढाक, कलाजंग, घिस्सा, एकलंगी हे डाव उशीवर करून दाखवी. मैदानाच्या दिवशी हलगीचा आवाज गच्चीपर्यंत येई, आणि माझ्या वाट्याला तेवढीच कुस्ती येई. सांगलीत महिला महाराष्ट्र केसरीची पहिली स्पर्धा झाली आणि प्रतीक्षा बागडीने गदा उचलली ती २०२३ साली, तोवर माझ्या केसांत रुपेरी छटा आली होती. नव्वदच्या दशकात केबल घरात आली तेव्हा मात्र समोर कोण बसले आहे, मुलगा की मुलगी, हे त्या पेटीने विचारले नाही. डब्ल्यूडब्ल्यूएफ, म्हणजे ती अमेरिकन कुस्ती भरवणारी कंपनी (पुढे २००२ साली, जागतिक वन्यजीव निधीशी झालेल्या न्यायालयीन वादानंतर, डब्ल्यूडब्ल्यूई) मला भेटली ती अशी.

तिच्या पाठोपाठ वह्या-पुस्तकांच्या दुकानांत पत्ते आले. प्रत्येक पत्त्यावर एक पैलवान आणि त्याच्या फोटोखाली क्रमांक, उंची, वजन, छाती, दंड यांचे आकडे असत. ज्याचा आकडा मोठा त्याने समोरच्याचा पत्ता जिंकायचा. जायंट गोन्झालेस हातात आला की उंची म्हणायची आणि योकोझुना आला की वजन, हे माझ्या पिढीतल्या कोणालाही झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येईल. गोन्झालेसची उंची आठ फूट म्हणून जाहीर केली जाई. प्रत्यक्षात तो साडेसात फुटांच्या आसपास होता. जपानी सुमो म्हणून मिरवलेला योकोझुना मूळचा सामोअन घराण्यातला अमेरिकन होता. १९८७ सालच्या तिसऱ्या रेसलमेनियाला (हा कंपनीचा दरवर्षीचा सर्वांत मोठा सोहळा) ९३,१७३ प्रेक्षक आल्याचे कंपनी आजही सांगते, आणि या धंद्यावर बारीक नजर ठेवणारे पत्रकार तो आकडा बराच फुगवलेला असल्याचे सांगतात. म्हणजे खोटे होते, नाही असे नाही. पण ते कुठे होते आणि कुठे नव्हते हे बघायला मला पुढे जवळच्याच एका माणसाने शिकवले.

आमच्या शेजारी एक निवृत्त पैलवान राहत. सगळी गल्ली त्यांना अण्णा म्हणत असे. एकदा ते आमच्याकडे चहाला आले असता टीव्हीवर लढत चालू होती. ठोसे बघून ते मोठ्याने हसले, कारण मारणारा ठोशाबरोबर पाय आपटून आवाज काढतो हे त्यांच्या नजरेतून सुटले नाही. मग एक जण वरच्या दोरावरून पाठीवर आपटला आणि अण्णांनी कप खाली ठेवला. "ठोसा खोटा हाय पोरी," ते म्हणाले, "पण पडणं खरं हाय." मला वाटते, या विषयावर मी पुढे जे काही वाचले त्याचा निम्मा ऐवज त्या एका वाक्यात होता. रिंगणाच्या कापडाखाली फोमचा पातळ थर असतो, त्याखाली लाकडी फळ्या आणि फळ्यांखाली लोखंडी तुळया. त्यावर पाठीवर पडायचे तर हनुवटी छातीला चिकटवून, श्वास सोडून, दोन्ही हात पसरून तळव्यांनी जमिनीवर थाप मारायची, म्हणजे आघात सगळ्या पाठीवर वाटला जातो आणि मानेवर येत नाही. हे वर्षानुवर्षे, एका रात्रीत अनेकदा करायचे. समोरच्याची मान काखेत दाबून धरलेली दिसते तेव्हा पुष्कळदा ते दोघे एकमेकांच्या कानात पुढच्या हालचाली कुजबुजत असतात. उचलणाऱ्याने उचलायचे असतेच, पण ज्याला उचलायचे त्यानेही उडी मारून त्याला साथ द्यायची असते, आणि एकदा तो वर गेला की त्याचा मणका सर्वस्वी दुसऱ्याच्या हातात असतो.

निकाल ठरलेला असतो, मग मजा कसली, हा पुढचा आक्षेप. माझे आजोळ कुडाळकडचे असल्यामुळे याचे उत्तर मला फार लहानपणी मिळाले होते. दशावतारात दुष्ट राजा शेवटी मरणार हे देवळापुढच्या मांडावर बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते, नटांच्या हातात लिहिलेली संहिता नसते, प्रवेश तेवढे ठरलेले असतात, आणि तरी लोक पहाटेपर्यंत बसतात, कारण तो राजा आज कसा बोलतो, कसा लढतो आणि कसा पडतो हे बघायचे असते. कुस्तीच्या या प्रकाराने तरी १९८९ सालीच न्यू जर्सीच्या विधिमंडळापुढे आपण स्पर्धा नसून करमणूक आहोत असे स्वतःहून सांगून टाकले होते. त्यामागे सत्याची चाड नव्हती; खेळ म्हणून लागू होणारी सरकारी देखरेख आणि तिच्या अनुषंगाने येणारे पैसे चुकवायचे होते. पण त्यानंतर फसवणुकीचा आरोप टिकत नाही. आमच्याकडे खऱ्या मैदानात, इनाम लावून आणि तिकिटे विकून नुरा कुस्ती, म्हणजे आतून संगनमत केलेली कुस्ती, होते तेव्हा लोक हौद्याकडे चपला भिरकावतात, आणि ते बरोबरच करतात, कारण तिथे वचन वेगळे दिलेले असते.

माझ्या आवडीचे पैलवान कॅनडातल्या कॅलगरीचे, हार्ट घराण्यातले. त्यांचे वडील स्टू हार्ट हे स्वतः खऱ्या कुस्तीत तयार झालेले होते आणि राहत्या घराच्या तळघरात त्यांनी तालीम चालवली होती. तिथे ते नव्या पोरांना अशा काही पकडींत धरत की पोरे किंचाळत. त्यांच्या बारा मुलांपैकी ब्रेट आणि सर्वांत धाकटा ओवेन हे दोघे मला अगदी आमच्या गल्लीतले वाटत. आपल्या हातून समोरचा पैलवान कधी गंभीर जखमी झाला नाही, याचा ब्रेटला किताबांइतकाच अभिमान आहे. (तीच काळजी त्याच्या वाट्याला आली नाही: डिसेंबर १९९९ मध्ये दुसऱ्या कंपनीत गोल्डबर्ग नावाच्या पैलवानाची लाथ त्याच्या डोक्याला लागली आणि त्याची कारकीर्द जवळपास तिथेच संपली.)

या घराण्याच्या तीन प्रसंगांतून मला जे समजले तेच माझे उत्तर आहे. पहिला प्रसंग ऑगस्ट १९९७ चा. ओवेनने स्टीव्ह ऑस्टिनला उलटे धरून खाली बसण्याचा डाव केला, ऑस्टिनचे डोके हवे तेवढे वर राहिले नाही आणि ते सरळ जमिनीवर आदळले. मानेला अशी इजा झाली की काही क्षण त्याला हातपाय हलवता येईनात. लढत ऑस्टिनने जिंकायची असे ठरलेले होते. खरी झुंज असती तर ओवेनने त्याच्यावर झोपून, त्याचे खांदे टेकवून पंचाकडून केव्हाच तीन आकडे मोजून घेतले असते आणि लढत जिंकली असती. त्याऐवजी तो प्रेक्षकांकडे वळून त्यांना डिवचत, फुशारक्या मारत वेळ काढत राहिला, जेणेकरून खाली पडलेल्या माणसाच्या अंगात थोडी तरी हालचाल यावी. अखेर ऑस्टिन सरपटत आला, त्याने अंगात त्राण नसताना ओवेनला मागून कसेबसे लोळवले, आणि धडधाकट ओवेन खांदे जमिनीला टेकवून पडून राहिला. तो जिंकण्याचा देखावा इतका दुबळा होता की शेंबड्या पोरालाही खरा वाटला नसता. ऑस्टिनला २००३ साली खेळ थांबवावा लागला त्यात या दुखापतीचा मोठा वाटा होता, आणि ती ओवेनच्या हातून झाली होती, हे विसरता येत नाही. तरीही ती लढत मी अनेकदा पाहिली आहे, आणि हरण्यासाठी धडपडणारा तो माणूस मला दर वेळी थक्क करतो.

दुसरा प्रसंग त्याच वर्षीच्या नोव्हेंबरातला, मॉन्ट्रियलचा. ब्रेटकडे मुख्य किताब होता आणि तो प्रतिस्पर्धी कंपनीत जाणार होता. स्वतःच्या देशात शॉन मायकल्सकडून हरायला त्याचा नकार होता, आणि लढत गोंधळात, निकालाविना संपेल असे मालक व्हिन्स मॅकमॅनशी त्याचे ठरले होते. लढतीच्या मध्येच मायकल्सने ब्रेटचीच शार्पशूटर ही पकड त्याला घातली, आणि ब्रेटने हार मानलेली नसताना रिंगणाच्या कडेला उभ्या असलेल्या मॅकमॅनने लढत संपल्याची घंटा वाजवायला लावली. ब्रेट उठला आणि मालकाच्या तोंडावर थुंकला. आज पाव शतकानंतरही या धंद्यातली सर्वांत मोठी दगाबाजी म्हणून त्याच रात्रीचे नाव घेतले जाते. जरा विचार करा: निकाल ठरवून ज्या लढती झाल्या त्यांना तिथे कोणी दगा म्हणत नाही, आणि ज्या लढतीचा खरा निकाल दोघांपैकी एकाला ठाऊक नव्हता, तिला मात्र सगळे दगा म्हणतात. अण्णांना मी हे समजावून सांगितले तेव्हा ते बराच वेळ विचार करून म्हणाले, की मग वस्तादच बेइमान निघाला म्हणायचा. मला याहून नेमके सांगता येत नाही.

तिसऱ्या प्रसंगाबद्दल थोडक्यातच लिहिते. २३ मे १९९९ रोजी कॅन्सस सिटीत ओवेनला छतावरून दोरीने रिंगणात उतरवण्याचा एक गमतीदार प्रवेश ठरवला होता. कडी वेळेआधी सुटली, तो उंचावरून रिंगणात कोसळला आणि गेला. वय चौतीस. त्याला बाहेर नेल्यावर उरलेल्या लढती त्याच रिंगणात पार पडल्या. टीव्हीवर बघणाऱ्यांना त्याच्या मृत्यूची बातमी दिली गेली, त्या इमारतीत बसलेल्या प्रेक्षकांना मात्र नाही. त्याच्या पत्नीने दावा लावला आणि २००० साली सुमारे १.८ कोटी डॉलरवर तडजोड झाली.

तेव्हा 'ते सगळं खोटं असतं' असे कोणी म्हटले की माझे म्हणणे एवढेच असते, की खोटे आहे, पण तुम्ही बोट दाखवता तिथे नाही. दोरांच्या आत दोन माणसे एकमेकांचा जीव सांभाळत असतात. खोटे कचेरीत असते. ही कंपनी पैलवानाचे नाव, पोशाख, दौऱ्याच्या तारखा आणि हार-जीत सारे काही ठरवते, पण कागदावर त्याला नोकर न म्हणता स्वतंत्र कंत्राटदार म्हणते. त्यामुळे आरोग्यविमा ज्याचा त्याने काढायचा, आणि एवढ्या वर्षांत त्यांची संघटना काही उभी राहिलेली नाही. पत्त्यावरच्या आठ फुटांपेक्षा हे खोटे मला फार मोठे वाटते.

मी सगळेच बघते असेही नाही. १९९८ साली अंडरटेकरने मिक फोलीला सोळा फूट उंच पिंजऱ्यावरून खाली फेकले, त्या दृश्याचे गोडवे गाणारे पुष्कळ आहेत. मला तो प्रकार कधीच रुचला नाही, कारण त्यात कसबापेक्षा शरीराची उधळपट्टी जास्त होती. दोन हजारनंतरची काही वर्षे बायकांच्या लढतींत एकमेकींचे कपडे फाडणे हाच डाव असे, तेव्हा मी सरळ टीव्ही बंद करी. २०१९ च्या रेसलमेनियात बेकी लिंच, शार्लट फ्लेअर आणि रोंडा राउझी यांची लढत शेवटची, म्हणजे मानाची ठेवली गेली, ती मात्र मी पहाटे उठून पाहिली आणि भाचीलाही उठवले.

बघायचीच झाली तर कोणती बघावी, असे आता तुम्ही विचाराल. दहाव्या रेसलमेनियातली पहिलीच लढत बघा: २० मार्च १९९४, न्यूयॉर्कचे मॅडिसन स्क्वेअर गार्डन, ब्रेट विरुद्ध ओवेन, सुमारे वीस मिनिटे. चेहऱ्यांवरचा द्वेष बघून झाला की नजर हातांकडे वळवा. मनगट पिरगळताना बोटे किती हलकी ठेवली आहेत आणि फेकण्याआधी एकाचा हात दुसऱ्याच्या पाठीला कुठे आधार देतो, ते दिसू लागेल. शेवटी ब्रेट ओवेनच्या खांद्यांवर चढून त्याला गुंडाळायला जातो, ओवेन तिथेच खाली बसतो, आणि धाकटा भाऊ जिंकतो. निकाल आधीच सांगून टाकला म्हणून माझ्यावर रागावू नका; एवढे सगळे वाचल्यावर त्याने काही बिघडायला नको.