सील तुटलेलं चालेल

सोमवार, रात्री

टीव्हीला जोडून गेम खेळायचा जुना कन्सोल घ्यायचा हे आज पक्कं केलं. आणि घ्यायचा तो सोनीचा प्लेस्टेशन २, म्हणजे पीएस २.

एवढे दिवस घोळ चालला होता तो कोणता घ्यावा याचाच. जाहिराती पाहता पाहता लक्षात आलं की वापरलेल्या कन्सोलमध्ये सरळ दोन जाती आहेत. काही स्वतःच्या बळावर चालतात. काहींचा निम्मा जीव दूर कुठल्या तरी सर्व्हरमध्ये अडकलेला असतो. निन्टेंडोने आपल्या वी या कन्सोलचं ऑनलाइन दुकान जानेवारी २०१९ मध्ये बंद केलं, थ्रीडीएस आणि वी यूचं मार्च २०२३ मध्ये. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६० चं दुकान २९ जुलै २०२४ ला बंद झालं. पीएस ३ च्या दुकानाला टाळं लावायची घोषणा सोनीने २०२१ मध्ये केली होती. लोक इतके खवळले की महिन्याच्या आत ती मागे घ्यावी लागली. आज कोणी ३६० घेतला तर डिस्कवरचे गेम मजेत खेळेल, पण जे छोटे, सुंदर गेम फक्त डाउनलोड म्हणूनच निघाले होते ते त्या यंत्रावर नव्याने विकत घेता येत नाहीत. मला हे फार लागतं. कोणीतरी जीव ओतून केलेलं काम, आणि यंत्र समोर चालू असताना त्याचं दार बंद.

पीएस ४ ची गोष्ट तर आणखी विचित्र होती. आतल्या घड्याळाची साधी बॅटरी संपली आणि सर्व्हरशी गाठ पडली नाही, तर हातातली डिस्कसुद्धा चालेना. २०२१ च्या ९.०० अपडेटने ते सुटलं. म्हणून वापरलेला पीएस ४ घेणाऱ्याने सगळ्यात आधी सॉफ्टवेअरचा आकडा बघावा.

पीएस २ ला यातलं काही लागत नाही. डिस्क घाला, खेळा. ४ मार्च २००० ला तो जपानमध्ये आला, साडेपंधरा कोटींहून जास्त विकला गेला आणि २०१३ उजाडेपर्यंत बनत होता. एवढी संख्या असल्यामुळे सुटे भाग मिळतात आणि दुरुस्ती जाणणारी माणसंही मिळतात. शिवाय पीएस १ च्या डिस्क त्यात चालतात, म्हणजे एका खोक्यात दोन पिढ्या.

भाचा म्हणाला, “मावशी, हे सगळं लॅपटॉपवर चालतं की आता! कशाला एवढा खटाटोप?”

चालतं, खरंच चालतं. एम्युलेटर, म्हणजे जुन्या कन्सोलची नक्कल करणारे प्रोग्रॅम, लिहिणाऱ्यांनी हे गेम जिवंत ठेवलेत आणि मला त्यांच्याबद्दल मनापासून आदर आहे. पण पीएस २ च्या कंट्रोलरची बटणं किती जोराने दाबली हे ओळखतात. ग्रॅन टुरिस्मो या गाड्यांच्या शर्यतीच्या गेममध्ये अंगठ्याचा दाब जरा सैल केला की गाडी तेवढीच मंदावते. पीएस ४ पासूनच्या कंट्रोलरमध्ये तसं बटण उरलं नाही. मला ते बोटाखाली हवंय.

बुधवार

आज दिवसभर फावल्या वेळात जाहिराती वाचल्या. एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते आणि दर वेळी मोठ्या अभिमानाने येते: “सील शाबूत”, “आजवर कधीच उघडलेला नाही”.

मला हे पटत नाही. फोन दोन वर्षांचा असेल तर सील शाबूत असणं चांगलं. पण वीस वर्षांचं यंत्र कधीच उघडलं नाही म्हणजे वीस वर्षांची धूळ पंख्यात आहे, लेन्स ज्या रुळावर सरकते त्याचं ग्रीस वाळलंय, चिपची उष्णता बाहेर नेणारा थर्मल पेस्टचा थर कोरडा पडलाय, घड्याळाची बॅटरी मेलीय. पहिल्या एक्सबॉक्सचं उदाहरण तर प्रसिद्धच आहे. त्यातला घड्याळासाठीचा कॅपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा छोटा भाग, वयाप्रमाणे फुटतो, आतला द्रव बोर्डवर पसरतो आणि तांब्याच्या बारीक रेषा खाऊन टाकतो. शेवटची आवृत्ती सोडली तर जवळपास सगळ्यांना हा धोका आहे. तो कॅपॅसिटर वेळीच काढून टाकला की यंत्र वाचतं, पण काढायला खोका उघडावाच लागतो. तिथे शाबूत सील ही काळजीची गोष्ट आहे.

म्हणून मी ठरवलंय, सील तुटलेलं चालेल. जाणत्या हाताने उघडलेला असेल तर जास्तच चालेल.

आता “रिफर्बिश्ड”, म्हणजे नव्यासारखा केलेला, या शिक्क्याबद्दल. त्याखाली काहीही येतं. कुठे खरोखर ग्रीस, पेस्ट, बॅटरी सगळं नवं केलेलं असतं. कुठे नुसतं वरचं कव्हर पुसून कंट्रोलरला नवे रबर लावलेले असतात. जुन्या कन्सोलचं पिवळं पडलेलं प्लास्टिक हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अतिनील प्रकाशाने पुन्हा फिकं करता येतं. दिसतं छान, पण त्यावरून आतलं काहीच कळत नाही. आणि पीएस २ च्या बाबतीत एक फसवी युक्ती आहे. लेसरला किती ताकद द्यायची हे ठरवणारा एक चिमुकला स्क्रू लेन्सच्या पट्टीवर असतो, दुरुस्तीवाले त्याला ‘पॉट’ म्हणतात. लेन्स थकली, डिस्क उचलेना झाली, की काही जण तो फिरवून लेसरची ताकद वाढवतात. डिस्क लगेच चालायला लागते. विकण्यापुरतं भागतं. पण त्या वाढीव ताकदीने लेसर लवकर मरतो, आणि तेव्हा कन्सोल आपल्या घरी असतो.

सगळ्यांना एकच प्रश्न पाठवला: “तुम्ही काय उघडलंत, काय बदललंत आणि का बदललंत?” बहुतेकांचं उत्तर “चालू कंडिशन आहे” एवढंच. एका गृहस्थांनी मात्र लिहिलं: “लेन्सचा रूळ पुसून नवं ग्रीस लावलंय. पंखा साफ केलाय, बॅटरी बदललीय. लेन्स मूळचीच आहे, पॉटला हात लावलेला नाही. सीडीवरचे गेम कधीकधी उशिरा घेतो, तुम्ही येऊन बघा आणि मग ठरवा.”

हा माणूस दोष सांगतोय. शनिवारी जाणार.

शनिवार

आणला. फॅट, म्हणजे आधीचं जाड मॉडेल, काळा, आडवा ठेवला तर टीव्हीखाली बरोबर बसतो.

स्लिम, म्हणजे नंतरचा पातळ, घ्यावा का हा विचार होताच. २००४ चे पहिले स्लिम फार सुबक आहेत, पण त्यांना बाहेरून साडेआठ व्होल्टचा अडॅप्टर लागतो आणि वापरलेल्या कन्सोलबरोबर मूळचा अडॅप्टर असतोच असं नाही. नव्वद हजारच्या मॉडेल नंबरांच्या मालिकेत तो पुन्हा आत गेला. फॅटमध्ये वीजपुरवठा आतच असतो आणि मागे हार्ड डिस्कची जागाही मिळते. घेताना मागचा मॉडेल नंबर नीट वाचून घेतला. शेवटचा आकडा प्रदेश सांगतो: ० म्हणजे जपान, १ म्हणजे उत्तर अमेरिका, ४ म्हणजे युरोप. पीएस २ चे गेम प्रदेशाला बांधलेले असतात, तेव्हा कन्सोल आणि डिस्क एकाच प्रदेशाच्या हव्यात. शिवाय जपानी यंत्राला शंभर व्होल्टच लागतात. तसं मॉडेल भलत्या सॉकेटात खोचलं तर संपलं.

चाचणीसाठी डिस्क मी माझ्याच नेल्या होत्या, आणि मुद्दाम वेगवेगळ्या. पीएस २ चा कन्सोल एका डिस्कवर कधी तपासू नये. पीएस १ च्या डिस्कची खालची बाजू काळी असते. पीएस २ चे सुरुवातीचे बरेच गेम सीडीवर आले, त्यांची खालची बाजू निळी. बाकीचे डीव्हीडीवर, चंदेरी. सीडी आणि डीव्हीडी वाचायला दोन वेगळे लेसर लागतात, ७८० आणि ६५० नॅनोमीटरचे, आणि एक धडधाकट असताना दुसरा थकलेला असू शकतो. म्हणजे विकणाऱ्याने चंदेरी डिस्क घालून दाखवली, गेम सुरू झाला, आपण खूश होऊन घरी आलो, आणि निळी घातल्यावर लाल पडदा. वर दोन थरांची डीव्हीडी वेगळीच, ग्रॅन टुरिस्मो ४ तशी आहे. एका थरावरून दुसऱ्यावर जाताना लेन्सला फोकस बदलावा लागतो आणि कमकुवत लेन्स नेमकी तिथे अडखळते.

मागचं बटण दाबलं, समोरचा दिवा लाल. पुढचं दाबलं, हिरवा. ट्रे सरळ बाहेर आला, कुरकुर नाही. चंदेरी डिस्क लगेच लागली. दोन थरांची लागली. काळी लागली. निळीला ते म्हणाले होते तसंच झालं: आत लेन्स दोनदा मागेपुढे सरकल्याचा आवाज आला, मी श्वास रोखून उभी, आणि मग गेम सुरू झाला. त्या गृहस्थांनी मला घाई केली नाही. उलट म्हणाले, “डिस्क बाहेर काढून मागची बाजू बघा.” तेच मला करायचं होतं. गोलाकार ओरखडा नव्हता.

हे बघायला हवंच, कारण ओरखड्याची दिशा महत्त्वाची असते. मधून कडेकडे गेलेला ओरखडा बहुतेक वेळा निभावतो. माहिती विखरून लिहिलेली असते आणि चुका दुरुस्त करण्याची सोय असते. ट्रॅकच्या दिशेने गोल गेलेला ओरखडा मात्र सलग माहिती खातो. आणि सीडीवरच्या गेमची चित्राची बाजूही तपासावी, कारण माहितीचा थर त्या चित्राच्या लगेच खाली असतो. उजेडासमोर धरल्यावर टाचणीएवढी भोकं दिसली तर ती डिस्क कितीही पॉलिश करून सुधारत नाही. डीव्हीडीत तो थर मधोमध असतो, म्हणून ती बाजू तेवढी नाजूक नसते.

कंट्रोलरच्या दोन्ही काठ्या फिरवून सोडून दिल्या. दोन्ही जागेवर आल्या. डावी किंचित सैल वाटते, पण गेममधलं पात्र आपोआप चालत नाही.

रविवार

मेमरी कार्डही त्यांनीच दिलं, मूळचं आठ एमबीचं. “आमच्याकडे आता कोणी खेळत नाही,” एवढंच बोलले.

कार्ड लावून कन्सोल सुरू केला आणि अंधारातून ते खांब उगवले. ज्यांनी पीएस २ वापरलाय त्यांना ती सुरुवात आठवत असेल: निळसर धुकं, आणि कॅमेरा चौकोनी खांबांच्या मधून खाली जातो. ते खांब नुसती शोभा नाहीत. कोणकोणते गेम किती वेळा चालवले याची नोंद कार्डावर राहते आणि त्यावरून खांबांची संख्या आणि उंची ठरते. रिकाम्या कार्डावर तिथे काहीच नसतं. माझ्यासमोर मात्र दाटी होती. दोन-तीन खांब बाकीच्यांच्या कितीतरी वर गेलेले. त्या घरात कोणीतरी ते गेम पुन्हा पुन्हा लावले होते.

आत गेले तर सेव्ह फाइलींची छोटी छोटी चित्रं आपापल्या जागी गिरक्या घेत होती. प्रत्येकीवर तारीख. एका फुटबॉलच्या गेमची, एका शर्यतीची, आणि एक लांबलचक कथेच्या गेमची, जी शेवटापर्यंत गेलेली दिसत नव्हती.

कार्ड भरत आलंय, मला जागा हवी आहे. पण ते पुसायला हात होईना. त्यांना फोन केला आणि विचारलं, “या फाइली तुम्हाला हव्या आहेत का?” ते थोडं थांबून म्हणाले, “मुलाला विचारून सांगतो.” संध्याकाळी निरोप आला की मुलाला कार्ड परत हवंय. उद्या देऊन येईन. माझ्यासाठी दुसरं मूळ कार्ड शोधते. जास्त क्षमतेची नकली कार्डं मी घेणार नाही. ती अचानक सगळं विसरतात, आणि लांब गेमची मेहनत त्यांच्या भरवशावर ठेवणं मला जमणार नाही.

मंगळवार

चित्राकडे वळले. पिवळ्या एकेरी वायरीवर नव्या टीव्हीत चित्र फारच मिटमिटं दिसतं. कॉम्पोनंटची हिरवी-निळी-लाल वायर आणली आणि फरक पहिल्याच क्षणी कळला. अक्षरांच्या कडा वाचता येतात. एक क्रम मात्र पाळायचा: आधी पिवळ्या वायरीवर असतानाच सेटिंगमध्ये कॉम्पोनंट निवडायचं, मग वायर बदलायची. नाहीतर रंग विचित्र येतात आणि सेटिंगचा पडदा धड वाचता येत नाही. पीएस १ च्या गेमना या वायरीवर काही टीव्ही ओळखतच नाहीत, कारण ते २४० ओळींचं चित्र पाठवतात. माझा ओळखतो. बटण दाबणं आणि उडी मारणं यात थोडा उशीर आहे, टीव्हीच्या गेम मोडवर तो पुष्कळ कमी झाला. जुना ट्यूबवाला टीव्ही मिळाला तर तेही नको, पण तो ठेवायला जागा हवी.

झोपण्यापूर्वी एक चिठ्ठी लिहिली आणि प्लास्टिकच्या पिशवीत घालून कन्सोलच्या खोक्यात ठेवली. त्यांनी केलेली कामं त्यांच्याच शब्दांत: रूळ, ग्रीस, पंखा, बॅटरी. लेन्स मूळची, पॉट जसाच्या तसा. त्याखाली माझं: चिपवरचा उष्णतेचा थर अजून बदललेला नाही, पुढच्या साफसफाईला बदलायचा. डावी काठी किंचित सैल. निळ्या डिस्क दुसऱ्या प्रयत्नाला घेतो. पुढे हा कोणाकडे गेला तर त्याला विचारत बसावं लागू नये.