बादली आणि पितळी टोपण

न्यू जर्सीत घरांच्या हीटिंगची कामं करतो, जानेवारीत जेवायलाही फुरसत नसते. त्यात एडिसनहून एका काकांचा फोन, बॉयलर गळतोय म्हणे, रिलीफ व्हॉल्व्ह दोनदा बदलून घेतला तरी गळतोच.

बेसमेंटमध्ये उतरलो तर व्हॉल्व्हच्या पाइपखाली रंगाची जुनी बादली, अर्धी भरलेली, काका रोज सकाळी ओतून यायचे. वर खिशातून काढून दाखवलं काय, तर पितळी टोपण आणि टेफ्लॉन टेप! "हे लावून टाकू का रे सरळ?"

पोटात गोळाच आला. म्हटलं काका, कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह बुजवून गॅसवर ठेवाल का? हा ३० पीएसआयला (पीएसआय म्हणजे प्रेशरचं माप) उघडतो, उघडायलाच हवा. प्रेशर मुळात तिथपर्यंत का जातं ते बघू.

गेज ३० ला टेकलेलं. वरच्या पाइपला एक्स्पान्शन टँक लटकलेला, बोटाने ठोकून बघितला, कलिंगड बघतो तसा. चांगला असेल तर खालचा भाग पोकळ वाजतो, हा वरपासून खालपर्यंत ठस्स. तळाला गाडीच्या टायरला असतो तसाच व्हॉल्व्ह असतो, त्याची पिन दाबली की हवा यायला पाहिजे, इथे काळं पाणी थेट माझ्या बाहीवर. डायफ्राम, म्हणजे आतला रबराचा पडदा, फाटलेला.

काकांना सांगितलं, तुमच्या पाइपांत साधारण ७५ लिटर पाणी आहे असं धरा, ते १५ वरून ८० डिग्रीला गेलं की ३ टक्के फुगतं म्हणजे सव्वादोन लिटर जास्तीचं, आणि पाणी काही दाबलं जात नाही. म्हणून टँकमध्ये रबराच्या पडद्यापलीकडे हवा भरलेली असते, ती आकसते आणि पाण्याला जागा देते. पडदा फाटला, हवा गेली, जागा संपली. मग तापलं की व्हॉल्व्ह थुंकणार, गार झालं की प्रेशर पडणार आणि फीड व्हॉल्व्ह नवीन पाणी आत घेणार, रोज तेच, आणि नव्या पाण्याबरोबर ऑक्सिजन जाऊन आतलं लोखंड गंजणार ते वेगळंच.

"म्हणजे दूध उतू जाऊ नये म्हणून मोठं पातेलं?"

"तसंच, फक्त झाकण घट्ट लावलेलं."

बॉयलर बंद करून गार होऊ दिला, फीड बंद, प्रेशर शून्यावर आणलं आणि टँक फिरवून काढला. ४.४ गॅलनचा टँक पाण्याने गच्च भरलेला, खांदाच निखळला असता, काकांनी खालून हात दिला म्हणून बरं. नवीन टँक लावायच्या आधी टायर गेजने हवा तपासली, डब्यावर १२ लिहिलेलं आणि निघाली १०, सायकलच्या पंपाने भरली. (हे बरेच जण करत नाहीत, लावतात आणि जातात.) मग पाणी भरलं, बेसबोर्डमधली (भिंतीच्या तळाशी लावलेल्या हीटरमधली) हवा काढली, बॉयलर चालू. पाणी पूर्ण तापेपर्यंत काकूंचा चहा घेत गेजसमोर बसलो, काटा १२ वरून १८ ला आला आणि तिथेच थांबला.

निघताना ते टोपण मात्र मागून घेतलं. काका हसले, पण दिलं.