आम्ही, आपण आणि पंचविसावी इनिंग

२०२५, शनिवार, रात्रीचे साडेबारा

मंगळवारपासून एक शब्द सुपारीच्या खांडासारखा दातात अडकलाय. जीभ सारखी तिथेच जाते.

टेक्सस विद्यापीठाच्या बेसबॉल टीमची मॅच, तशी बिनमहत्त्वाची होती. मधल्या वारची, अर्धं डिश-फॉक फील्ड (ऑस्टिनमधलं त्यांचं स्टेडियम) रिकामं. मागच्या रांगेतले म्हातारबा नेहमीसारखे मांडीवर कागदी स्कोअरकार्ड घेऊन पेन्सिलीने चौकोन भरत बसलेले. खेळ रेंगाळला तसे ते पुढे वाकून चिऊशी काहीतरी बोलायला लागले. दोघांचं बराच वेळ चाललं. मला त्यांचे उच्चार अजून धड कळत नाहीत (एकोणीस वर्षं झाली, असो). मग चिऊ माझ्याकडे वळली आणि मराठीत म्हणाली, "बाबा, माहितीये? २००९ मध्ये आम्ही पंचवीस इनिंग खेळलो होतो."

आम्ही.

मुलीचा जन्म २०११ चा.

"आपण" म्हणाली असती तर मी नाचोज खात राहिलो असतो. "ते" म्हणाली असती तरी चाललं असतं. पण आम्ही म्हणजे ती, ते म्हातारबा, ती विटकरी टी-शर्टवाली अख्खी जनता. आणि बाबा? बाबांना माहिती पुरवली जातेय.

बायकोला, शुभाला, सांगितलं तर ती कणीक मळता मळता म्हणाली, इंग्रजीत एकच शब्द आहे, पोरीने त्याचं मराठी केलं, झालं. शक्य आहे. पण मग "आपण कॉस्टकोला कधी जायचं" हे बरोबर कसं येतं? कॉस्टकोला आपण, बेसबॉलला आम्ही. फरक तिला पक्का कळतो.

खरं तर त्या रात्री ऑस्टिनमध्ये मी होतो, ती नव्हती. ३० मे २००९, शनिवार. परवा सगळे झोपल्यावर त्या मॅचचं वाचत बसलो. टेक्सस विरुद्ध बॉस्टन कॉलेज. नऊ इनिंगचा खेळ पंचवीसपर्यंत गेला. सात तास तीन मिनिटं. कॉलेज बेसबॉलच्या इतिहासात याहून लांब मॅच नाही. टेक्ससने ३-२ अशी काढली. ऑस्टिन वूड नावाचा पिचर (आपल्याकडचा बोलर) सातव्या इनिंगमध्ये आला आणि तेरा इनिंग टाकत राहिला. त्यातल्या बारा इनिंग आणि वर एक आउट एवढा वेळ त्याने एकही हिट, म्हणजे बॅटरला बेसवर पोचवणारा फटका, दिली नाही. १६९ चेंडू. दुसऱ्याच्या जागी तात्पुरता आलेला माणूस जायचंच नाव घेत नाही, हे वाचून मला उगाच त्याच्याबद्दल आपुलकी वाटली.

मी त्या वेळी स्टेडियमपासून गाडीने पंधरा मिनिटांवर राहत होतो. काय करत होतो म्हणून जुनी ईमेल उकरली. रात्री पावणेबाराला मंदारला लिहिलंय, डोंबिवलीच्या सोसायटीच्या टाकीची वर्गणी या वेळी तू भर, मी पुढच्या महिन्यात देतो. पंधरा मिनिटांवर हा सगळा प्रकार चाललेला, आणि मी टाकीत.

(ते पैसे दिले का, तेही आठवत नाही. मंदारला विचारायला नको.)

तर आपण नक्की कशात नाही, हे तरी कळावं म्हणून तीन रात्री वाचतोय. चिडून वाचलेलं जास्त लक्षात राहतं, हा नवा शोध.

सगळ्यात आवडलं ते घराणं. १९११ ला बिली डिश कोच झाला, तो १९३९ पर्यंत. त्याचा शिष्य बिब फॉक १९४० पासून १९६७ पर्यंत, युद्धाची मधली वर्षं सोडली तर. फॉकच्या हाताखाली खेळलेला क्लिफ गुस्टाफसन १९६८ ते १९९६. म्हणजे पंच्याऐंशी वर्षं जवळजवळ तीन माणसांत. गाण्यात असतं तसं, कोण कोणाकडे शिकलं ते आधी सांगायचं आणि मग षड्ज लावायचा. यातला फॉक शिकागोच्या व्हाइट सॉक्स या व्यावसायिक टीमकडून खेळला. १९१९ च्या मॅच-फिक्सिंग प्रकरणात शूलेस जो जॅक्सन बाहेर गेल्यावर लेफ्ट फील्डची ती जागा याला मिळाली. रोज हजारो माणसं तिथे दुसऱ्याच कुणाला शोधत असणार. ते त्याने कसं सोसलं, कोण जाणे. फॉकच्या काळात १९४९ आणि १९५० अशी लागोपाठ दोन राष्ट्रीय कॉलेज विजेतेपदं, गुस्टाफसनची १९७५ आणि १९८३. त्या १९८३ च्या संघात पुढे गाजलेला पिचर रॉजर क्लेमेन्स होता, हे मलासुद्धा माहीत होतं, तेवढाच आधार.

आताचं स्टेडियम १९७५ चं. डिश आणि फॉक, गुरुशिष्यांची नावं एका आडव्या रेघेने जोडलेली. त्याआधी १९२८ पासून क्लार्क फील्ड होतं आणि त्याचं वर्णन वाचून मी रात्री दीडला एकटाच हसलो. सेंटर फील्डमध्ये चक्क चुनखडीचा कडा! मैदानातच. त्याला म्हणायचे बिली गोट हिल. चेंडू कड्यावर गेला तरी खेळ चालूच, मग फील्डरने शेळीसारखं पायवाटेने वर चढायचं. घरच्या पोरांना ती वाट पाठ. पाहुणा फील्डर खाली उभा राहून वर बघतोय, तोवर बॅटर बेसमागून बेस पळतोय. एकदा बेब रूथ आणि लू गेरिग या दिग्गजांची न्यूयॉर्क यांकीज टीम प्रदर्शनीय सामना खेळायला तिथे आली होती. गेरिगने त्या कड्याच्याही पलीकडे होमरन मारला, त्याला चढायउतरायची भानगडच नव्हती.

आमच्या बिल्डिंगमागे असंच होतं. जोशांच्या गच्चीवर गेला तर आउट, गटारात दोन रन, पाण्याच्या टाकीला लागून आला तर वन टिप कॅच धरायचा. शेजारच्या चाळीतली पोरं खेळायला आली की निम्मा वेळ भांडणात. हे नियम कुठे लिहिलेले नव्हते. ते यायला तिथे लहानाचं मोठं व्हावं लागायचं.

हे लिहिल्यावर जरा वेळ थांबलो. पाणी पिऊन आलो.

मी इथे लहानाचा मोठा झालो नाही, एवढंच आहे का हे? पण मग ऑगी गरिडोचं काय? कॅलिफोर्नियाचा माणूस, तिथल्या फुलर्टनच्या विद्यापीठाला तीन विजेतेपदं जिंकून देऊन १९९७ ला इथे आला. ना डिशच्या घराण्यातला, ना फॉकच्या. तरी २००२ आणि २००५ त्याची, आणि ती पंचवीस इनिंगची रात्रही त्याचीच. आणि आताचे श्लॉसनेगल? जून २०२४ पर्यंत ते टेक्सस ए अँड एम या दुसऱ्या विद्यापीठाचे कोच. ए अँड एम म्हणजे इथल्या हिशेबात सात पिढ्यांचं वैर. २४ जूनला त्यांची टीम फायनल हरली, दुसऱ्या दिवशी हे टेक्ससचे झाले. एका रात्रीत! चिऊ त्यांनाही "आमचे कोच" म्हणते. मी एकोणीस वर्षं या गावात टॅक्स भरतोय. एकोणीस उन्हाळे काढलेत. २०२१ च्या गारठ्यात वीज गेली तेव्हा बादलीत बर्फ वितळवून आंघोळीला नाही पण निदान संडासात ओतायला पाणी केलंय. माझ्यासाठी कोणी पत्रकार परिषद घेतली नाही.

हे वाक्य उद्या खोडणार आहे.

आणखी एक गोष्ट वाचली, ती मात्र अजून नीट बसत नाही. १९५० चं विजेतेपद जूनमधलं. त्याच जूनमध्ये, ५ तारखेला, सुप्रीम कोर्टाने हेमन स्वेट यांच्या खटल्यात निकाल दिला की याच विद्यापीठाने त्यांना लॉ स्कूलमध्ये घेतलं पाहिजे. काळे म्हणून नाकारलं होतं. पदवीच्या वर्गात काळी मुलं यायला १९५६ उजाडलं. आणि ज्या १९२८ मध्ये तो गमतीचा कडा असलेलं मैदान सुरू झालं, त्याच वर्षी शहराच्या आराखड्याने काळ्या कुटुंबांना ईस्ट अ‍ॅव्हेन्यूच्या पूर्वेला ढकललं. तो ईस्ट अ‍ॅव्हेन्यू म्हणजे आजचा आय-३५. त्याच्या पूर्वेलाच आज डिश-फॉक आहे. मी तिथे दहा डॉलरचं पार्किंग शोधत फिरतो. त्या वेळचं "आम्ही" किती लहान होतं. चिऊ ज्या सहा विजेतेपदांचा हिशेब सांगते त्यातली पहिली दोन तर तिच्यासारखी, माझ्यासारखी... नाही, हे आत्ता नको. हे तिच्याशी बोलायला हवं, रोजनिशीत नाही.

तरी जीभ परत तिथेच. आम्ही.

आज जेवताना काय झालं ते लिहायलाच हवं. मी ऑस्टिन वूडच्या १६९ चेंडूंचा किस्सा आईला सांगत होतो. बोलता बोलता लक्षात आलं आणि तोंडातून गेलं, "गंमत बघ, १६९. गेल्या वर्षी रणजीच्या फायनलमध्ये आम्ही विदर्भाला १६९ धावांनीच हरवलं होतं. आमचं बेचाळिसावं."

शुभाने वरणाचा डाव तसाच धरला. "आणि यंदा सेमीफायनलला? आम्ही तुम्हाला ८० धावांनी हरवलं नागपुरात, ते नाही आठवत वाटतं? मग फायनल पण जिंकलो. तिसरी आहे आमची."

"तीन. आम्ही सलग पंधरा वेळा जिंकलोय."

"कधी? तुम्ही जन्मला होता का?"

१९५८-५९ ते १९७२-७३. नव्हतो जन्मलो. मुंबईकडून खेळणं सोडा, पावसाळ्यातल्या कांगा लीगच्या चिखलातसुद्धा मी फक्त सुलेखाच्या पेनाने धावा मोजायला बसलो होतो, तेही मामाच्या ओळखीने.

आई म्हणाली, "पोळी घे." चिऊ मान खाली घालून दही कालवत होती. तिच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं. ही भांडणं ती कळायला लागल्यापासून ऐकतेय. विजेचं बिल आपलं, गाडीचा हप्ता आपला, आजी आपली. खेळ निघाला की या टेबलावर आम्ही आणि तुम्ही. समोरचा बायको असो की बाप.

म्हणजे व्याकरण चुकलेलं नाही. घरात शिकली तसंच बोलली. तिच्या कानाला "आपण जिंकलो" हेच गुळमुळीत लागत असेल. जिंकलो ते कोणाला तरी सांगायला समोर एक "तुम्ही" लागतो, आणि मंगळवारी त्या जागी मी होतो. नाचोज धरून. बरं नाही वाटलं, अजूनही पूर्ण बरं वाटत नाहीये. पण आतल्या आत हसू येतंय.

मघाशी पाणी प्यायला उठलो तेव्हा तिच्या खोलीत दिवा होता. दारातूनच विचारलं, पंचविसाव्या इनिंगपर्यंत लोक थांबले होते का गं? घरी नाही गेले?

"रात्री एक वाजून गेला होता बाबा. खूप जण थांबले. मागचे आजोबा तर पूर्ण वेळ होते. त्यांच्याकडे त्या मॅचचं कार्ड आहे, चौकोन संपले म्हणून त्यांनी मागच्या पानावर हाताने रेघा मारून काढलेत. पुढच्या वेळी आणणारेत."

पुढच्या वेळी म्हणजे ए अँड एम. तिकिटं महाग आहेत. चार काढली. आईला तो विटकरी रंग बघून घरची आठवण होईल म्हणते, आमच्या बिल्डिंगचा जुना जिना तसाच होता. माझ्यासाठी टी-शर्ट घेऊ का, असं चिऊने विचारलं. एक्सएल लागेल, एवढंच म्हणालो.