टेरिकॉटचा कागद होत नाही

सकाळी बीटर, म्हणजे चिंध्या कुटून कागदाचा लगदा करणारं यंत्र, धुऊन होतोय तोच हवालदारसाहेब ट्रंक घेऊन दारात. मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त. जुन्या वर्दीचा कागद करायचा आणि त्यावर चौकीवरच्या रात्रपहाऱ्याचा तक्ता लिहायचा, एवढंच त्यांचं मागणं. ही रीत अमेरिकेतली. इराकहून परतलेला सैनिक ड्र्यू कॅमेरॉन आणि कागद बनवणारा ड्र्यू मॅटॉट यांनी २००७ साली व्हरमाँटमधल्या बर्लिंग्टनला ‘कॉम्बॅट पेपर’ हा उपक्रम सुरू केला. माजी सैनिक त्यात आपली वर्दी आपणच कापतात, लगदा करतात, कागद उचलतात आणि त्यावर छपाई करतात. म्हणून कात्री मी साहेबांच्याच हातात दिली.

आधी बिल्ले, बटणं, झिप, वेल्क्रो काढायचं. एक धातूचं बटण बीटरमध्ये गेलं तरी पात्यांना खाच पडते. शिवणीही पूर्ण कापून टाकायच्या, कारण शिवणीचा दोरा बहुधा पॉलिएस्टरचा असतो आणि तो बीटरच्या पातेदार रोलला गुंडाळत राहतो.

मग कापडाचा एक धागा ओढून काडीने पेटवला. सूत असेल तर जळक्या कागदाचा वास येतो आणि राख उरते. इथे काळा, कडक मणी झाला. टेरिकॉट! बाजारातल्या टेरिकॉटमध्ये साधारण ६७ टक्के पॉलिएस्टर असतं. २०२२ साली आलेल्या नव्या लढाऊ वर्दीत प्रमाण जवळपास उलटं आहे, ७० टक्के सूत. पण यांची वर्दी जुनी.

सूत पाणी पितं, फुगतं, कुटल्यावर त्याच्या अंगावर बारीक तुसं सुटतात. वाळताना ही तुसं एकमेकांना धरतात, तोच कागद. पॉलिएस्टर पाणीच पीत नाही. तरी साहेब म्हणाले, करून तर बघा. अर्धी पँट तीन तास फिरवली. रोलला दोऱ्यांची वेणी बसली, आणि फेल्टवर, म्हणजे लोकरी कापडावर, उतरवलेला ताव उचलताना हातात कापसासारखा सुटला. कडक कॉस्टिक सोड्यात उकळलं तर पॉलिएस्टर विरघळतं, पण ते पाणी सोडायचं कुठे? मी ते करत नाही.

“सुती चिंध्या घालू. चाळीस टक्के वर्दी, साठ टक्के होजिअरीची कात्रणं,” मी म्हणालो.

त्यांनी बोटांवर हिशेब केला. “म्हणजे कागद धरून ठेवणारं माझं सूत शंभरात तेराच. बाकीचं बनियनवाल्याचं.”

हिशेब बरोबर होता. थोडा वेळ गप्प राहून त्यांनी ट्रंक पालथी केली. तळाला किटबॅग होती. जाड सुती कॅनव्हास, वर पांढऱ्या ऑइल पेंटने नंबर आणि नाव. यावर मात्र काडीची परीक्षा पास.

कॅनव्हासवर पाण्याचा थेंब टाकला तर गोल उभा राहिला, म्हणजे वर मेणाचा थर. एक किलोला पन्नास ग्रॅम धुण्याचा सोडा घालून दोन तास उकळलं. पाणी चहासारखं झालं, दोनदा बदललं. मग दोन सेंटिमीटरचे चौकोन कापले. पट्ट्या कापू नयेत, त्यांचे दोर वळतात. आठशे ग्रॅम कापडाला पन्नास लिटर पाणी. पहिला अर्धा तास रोल वर ठेवून नुसतं फिरवलं, नंतर थोडा थोडा खाली. घाईने रोल टेकवला तर धागा कुटला न जाता तुटतो आणि कागद कमजोर होतो. कॅनव्हास हट्टी, सहा तास लागले. चमचाभर लगदा पाण्याच्या बाटलीत हलवून उजेडाला धरायचा. गाठी दिसत नाहीत तोवर बीटर बंद करायचा नाही. शेवटी एकेडी, म्हणजे कागदाला पाणी पिऊ न देणारं रसायन, घातलं, नाहीतर शाई फुटते.

जाळीचा साचा लगद्याच्या पाण्यात बुडवून आडवा उचलायचा आणि पाणी निथळायच्या आत पुढे-मागे, डावी-उजवीकडे हलका हेलकावा द्यायचा. साहेबांचे पहिले पाच ताव एका बाजूला जाड आले, कारण उचलताना साचा कलत होता. नंतर हात बसला.

ताव हिरवट मातकट झाले, पण त्यात पांढरे ठिपके. नंबराचा रंग! उकळून तो निघत नाही, बीटरमध्ये त्याच्या कपच्या होतात. आमच्या धंद्यात हा दोष. मी चिमटा हातात घेतला. ओल्या तावातून ठिपके टिपून काढता येतात.

“राहू द्या,” साहेब म्हणाले.

“पेंटवर शाई धरणार नाही.”

“माहितेय.”

एकेडी पक्कं व्हायला आठवडा दिला. मग त्यांनी पट्टी धरून रकाने आखले, २०००, २२००, ००००, ०२००, प्रत्येक पहाऱ्याला दोन तास, पुढे नावं. ठिपक्यावर आल्यावर निब कोरडी सरकायची आणि नावातलं एखादं अक्षर अर्धं राहायचं. ते परत गिरवत नव्हते.