घाईचा माल, बंद फ्लॅट आणि चाळीस पत्रं : माझा अनुभव

आधीच सांगतो, मी काही बिल्डर वगैरे नाही. चाकणला नोकरी, बायको शाळेत शिकवते, आणि लॉकडाऊननंतर पुण्यात धायरीत एक जुना वन आरके (एक खोली आणि किचन) घेऊन भाड्याने दिला होता तो बरा चालला म्हणून डोक्यात किडा शिरला की अजून एक घ्यावा, पण बाजारभावाने घेऊन भाड्यात काही सुटत नाही त्यामुळे जरा खाली मिळाला पाहिजे. खाली कोण देणार? ज्याला नड आहे तो. एवढंच डोकं तेव्हा चालत होतं.

मग रात्री जेवून झाल्यावर अमेरिकेतले व्हिडिओ बघायला लागलो. तिकडे याला मोटिव्हेटेड सेलर म्हणतात, काउंटीच्या (म्हणजे तिकडच्या जिल्ह्याच्या) रेकॉर्डमध्ये कुणाचा टॅक्स थकलाय, कोणता मालक दुसऱ्या राज्यात राहतो हे कुणालाही बघायला मिळतं, लोक तशा याद्या विकत पण घेतात आणि मग पिवळ्या कागदावर हाताने लिहिल्यासारखी पत्रं शेकड्याने पाठवतात. मी म्हटलं आपण पण यादी काढू. तर आपल्याकडे यादी बिदी काही नाही. आयजीआरच्या, म्हणजे नोंदणी खात्याच्या साइटवर इंडेक्स टू (नोंदलेल्या दस्ताचा उतारा) शोधता येतो पण त्याला मिळकतीचा नंबर आधी माहीत पाहिजे, म्हणजे घर सापडल्यावर त्याचा उपयोग, घर शोधायला नाही.

पहिले दोन महिने घरांच्या जाहिरातींच्या पोर्टलवर घातले. "ओनर" असं लिहिलेल्या जाहिरातीला फोन केला की पलीकडून एजंट. "साहेब घाईचा माल आहे, पार्टी गरजू आहे, आज टोकन टाका." कर्वेनगरचा एकच फ्लॅट मला तीन एजंटांनी तीन भावांनी दाखवला आणि तिघांची पार्टी गरजूच होती. एकदा चुकून त्यातल्या मालकाशीच गाठ पडली, तर ते म्हणाले मला काही घाई नाही हो, भाव आला तर देईन. मी एजंटांच्या विरोधात नाही, दोन टक्के घेऊन धावपळ करणारे चांगले लोक पण आहेत, पण "गरजू" हा शब्द एजंटच्या तोंडून आला की मी आता तो धरतच नाही.

मग बँकेचा लिलाव. पेपरात सरफेसीच्या (कर्ज थकलं की बँक घर विकते त्या कायद्याच्या) नोटिसा येतात, राखीव किंमत दिलेली असते, आधी दहा टक्के अनामत भरायची, बोली लागली की दुसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत पंचवीस टक्के पुरे करायचे आणि उरलेले पंधरा दिवसांत. कर्ज काढून घेणाऱ्याला पंधरा दिवसांत उभं करणं अवघडच, पण म्हटलं बघून तर येऊ. नोटिशीत "सांकेतिक ताबा" लिहिलं होतं, त्याचा अर्थ मला तिथे गेल्यावर कळला. म्हणजे बँकेचा ताबा कागदावर, माणसं अजून आतच. बेल वाजवली, एका आजोबांनी दार उघडलं, मला बँकेचाच माणूस समजले आणि बसा म्हणून पाणी आणून दिलं. मी ते पाणी प्यायलो, काय बोलावं सुचेना, मीटर बघायला आलो होतो असं काहीतरी पुटपुटून खाली आलो. लिलावात घेणं बेकायदा नाही, कुणीतरी तो घेतलाच असेल, पण मला ते जमणारं नव्हतं. त्या आजोबांना घराबाहेर काढून मग त्यांच्याच किचनला नवीन टाइल्स मी लावणार का?

खरी वाट सापडली ती जाहीर नोटिसांत. सकाळी चहाबरोबर मी मराठी पेपरातलं ते बारीक अक्षरांचं पान वाचायला लागलो, बायको म्हणाली आता तुम्ही रिटायर्ड झालात. त्यात दोन प्रकार असतात. एक वकिलाची नोटीस, "आमचे अशील सदर मिळकत खरेदी करू इच्छितात, कुणाची हरकत असल्यास १४ दिवसांत कळवावे", तिथे गिऱ्हाईक आधीच बसलेलं असतं त्यामुळे आपल्याला काही उपयोग नाही. दुसरी सोसायटीची, "आमचे सभासद मयत झाले आहेत, त्यांच्या भाग व हितसंबंधाबाबत वारसांनी हरकती सादर कराव्या". ही दुसरी महत्त्वाची. कारण तिथे बहुतेक वेळा फ्लॅट बंद असतो, मुलं बाहेरगावी असतात आणि कागद अर्धवट असतात. हो, मेलेल्या माणसाच्या नोटिसा वाचून घर शोधणं हे ऐकायला घाणच वाटतं. मलाही वाटलं. पण पुढे जे झालं त्यावरून सांगतो की त्या वारसांना कुणीतरी यावं असंच वाटत होतं.

नोटिशींबरोबर रविवारी सकाळी पायी फिरणं सुरू केलं, कर्वेनगर, हिंगणे, आनंदनगर, १९८०-९० मधल्या तीन मजली बिनलिफ्टच्या सोसायट्या. बंद फ्लॅट खालूनच ओळखता येतो, बाल्कनीत कबुतरं, खाली टपालपेटी उतू चाललेली, मीटरच्या खोलीत लाइटबिलं पडलेली. आणि कुठल्याही वॉचमनपेक्षा इस्त्रीवाल्याला जास्त माहीत असतं. कुणाचे कपडे येणं कधी बंद झालं हे त्याच्या अगदी ध्यानात असतं.

मग पत्रं लिहिली. इथे मी जो गाढवपणा केला तो सांगतोच. पहिली अठरा पत्रं मी त्या बंद फ्लॅटांच्याच टपालपेटीत टाकून आलो. जी पेटी दोन वर्षं कुणी उघडली नाही तिच्यात! हे माझ्या लक्षात तीन आठवड्यांनी आलं, ते पण बायकोने विचारलं म्हणून. नंतरची बावीस वेगळ्या पद्धतीने पाठवली. सोसायटीच्या सेक्रेटरीकडे जायचं, मालकाचा नंबर मागायचाच नाही कारण तो देत नाही आणि देऊ पण नये, आपण फक्त पत्र घातलेलं तिकीट लावलेलं कोरं पाकीट द्यायचं आणि म्हणायचं, काका, पत्ता तुम्हीच लिहा, मला सांगू नका, पेटीत टाका म्हणजे झालं. यात सेक्रेटरीचं काही जात नाही, उलट बंद फ्लॅटचा मेंटेनन्स थकलेला असतो म्हणून तोच खूश.

पत्रात चारच ओळी होत्या, मराठीत, निळ्या पेनने. "सप्रेम नमस्कार. आपला फ्लॅट बरेच दिवस बंद दिसला म्हणून लिहीत आहे. मी एजंट नाही, पत्नीच्या नावावर घेण्याचा विचार आहे, कागद अपुरे असतील तरी चालेल, बसून बघू. विकायचा नसल्यास पत्र फाडून टाकावे, राग मानू नये." खाली माझा नंबर.

सहा फोन आले. एकाने माझा नंबर कुणी दिला म्हणून झापलं, वास्तविक पत्र सेक्रेटरीने पाठवलं होतं आणि माझ्याकडे त्यांचा नंबर नव्हताच, पण ऐकून घेतलं. दोघांना फक्त भाव काय चाललाय हे हवं होतं. एकाचा भावाभावांचा दावा कोर्टात होता, एकाला रिडेव्हलपमेंटची आशा होती. आणि सहावा फोन सांगलीहून, ऑगस्ट २०२३.

"तुम्ही एजंट नाही हे खरं का?" हे पहिलं वाक्य. मी म्हटलं काकू, खरं, धायरीला एक घर आहे भाड्याचं, तुम्ही येऊन भाडेकरूला विचारा. मग पाऊण तास बोलल्या. वडील २०१७ ला गेले, आई आधीच, भाऊ न्यूजर्सीला, फ्लॅट कर्वेनगरला तिसऱ्या मजल्यावर साधारण साडेपाचशे फुटांचा. नॉमिनी काकू. त्यांना वाटायचं नॉमिनी म्हणजे मालक, आणि तेवढ्यावरून बहीणभावात थोडं फाटलं पण होतं. मी विकत घेणारा असूनही सांगितलं की नॉमिनी म्हणजे वारसांच्या वतीने सांभाळणारा, भावाचा अर्धा हिस्सा आहेच, त्याच्या सहीशिवाय मी पण घेणार नाही. नंतर त्या म्हणाल्या की याच वाक्यावर मी तुम्हाला घर द्यायचं ठरवलं.

किमतीचं बोलणं मी पहिल्या फोनला काढलंच नाही, दुसऱ्याला पण नाही. फक्त विचारलं की तुम्हाला त्रास कशाचा होतोय? तर पैशाचा नव्हताच. सोसायटी बंद घराला दर महिन्याला नॉन ऑक्युपन्सी चार्ज लावत होती, जो खरं तर भाड्याने दिलेल्या घराला असतो, तोही सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंतच, नुसतं कुलूप लावलेल्या घराला लागत नाही. मी अर्ज लिहून दिला, काकूंनी सही केली, दोन मिटिंगनंतर सोसायटीने सहा वर्षांचे ते पैसे मेंटेनन्समध्ये वळते केले. दुसरा त्रास म्हणजे माळा. वडिलांच्या आयुष्यभराच्या वस्तू, आणि तो माळा उपसायला त्यांचं मन होत नव्हतं. मी म्हटलं आहे तसं द्या, तुम्हाला हवं ते काढून ठेवा, बाकीचं मी बघतो.

कागद बघितले तर मूळ करारनामा १९८९ चा, किरकोळ रकमेच्या स्टॅम्पवर, मुद्रांक अपुरा आणि नोंदणी नाहीच. वकिलांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, तेव्हाच समजलं. इथे मात्र नशिबाने हात दिला. १ डिसेंबर २०२३ पासून मुद्रांक शुल्काची अभय योजना आली, १९८० ते २००० मधल्या दस्तांसाठी, कमी पडलेलं शुल्क लाखाच्या आत असेल तर पहिल्या टप्प्यात, म्हणजे ३१ जानेवारीपर्यंत, शुल्क आणि दंड दोन्ही माफ. अट एकच मोठी, दस्त कुठल्यातरी स्टॅम्पवर झालेला पाहिजे, साध्या कागदावरचा चालत नाही. आमचा बसला. मुद्रांक जिल्हाधिकारी कार्यालयात चार चकरा झाल्या, पण झालं.

भावाचं प्रकरण जास्त नाजूक निघालं. वकील म्हणाले सगळ्यात सोपं म्हणजे भावाने बहिणीला हक्कसोडपत्र द्यावं, तेव्हा ते दोनशे रुपयांच्या मुद्रांकावर व्हायचं, मग एकच विकणारी. काकूंनी हे व्हॉट्सॲप कॉलवर सांगितलं आणि पलीकडे एकदम शांतता. मी त्याच खोलीत होतो. अर्ध्या मिनिटाने भाऊ म्हणाले, "ताई, तू देशील माझे पैसे हे मला माहीत आहे गं, पण ते माझ्या खात्यात येऊ देत." मला त्यांचं काही चुकलं असं वाटलं नाही. मग त्यांनी तिकडच्या भारतीय वकिलातीत सही करून कुलमुखत्यारपत्र पाठवलं, इथे आल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरून घ्यायचा असतो, तो घेतला.

व्यवहार ठरला ४४ लाखांना. बाजारात तसा फ्लॅट पन्नासच्या आसपास चालला होता, मी ४२ म्हटलं होतं. काकूंनी सरळ विचारलं, तुम्हाला यात सुटणार किती? मी वहीच पुढे केली, रंग, वायरिंग, संडास-बाथरूमचं लीकेज, वकील, सगळे धरलेले खर्च. त्यांनी चष्मा लावून वाचली आणि म्हणाल्या वायरिंगचे जास्त धरलेत, ४४ करा. वायरिंगचे खरंच जास्त धरले होते. सगळे पैसे बँकेतून, काकूंचा आग्रह होता आणि माझाही.

जे अगदी शेवटी कळलं आणि घाम फुटला ते म्हणजे टीडीएस, विकणाऱ्याच्या पैशातून घेणाऱ्याने आधीच कापून सरकारला भरायचा कर. आम्ही सगळे समजत होतो की पन्नास लाखांच्या आत टीडीएस नाही. ते इथे राहणाऱ्या विक्रेत्याला. एनआरआय असेल तर अशी मर्यादाच नाही, त्याच्या हिश्श्यावर तेव्हा (मार्च २०२४) २० टक्के आणि वर सेस कापावा लागायचा, आणि त्यासाठी घेणाऱ्याला टॅन (कर कापून भरणाऱ्याचा नंबर) काढावा लागायचा. भावाच्या २२ लाखांवर ४,५७,६०० रुपये झाले. आधीच अर्ज केला असता तर कमी कपातीचं प्रमाणपत्र मिळालं असतं, पण मार्च लागला होता. शाळेत शिकवणाऱ्या माझ्या बायकोच्या नावाने टॅन आला तेव्हा ती म्हणाली हे काय नवीन? भाऊ आधी चिडले, मग त्यांच्या सीएने सांगितलं की १ एप्रिल २००१ ची किंमत धरून रिटर्न भरा, जादा कापलेलं परत मिळेल.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात दुय्यम निबंधकाकडे ही गर्दी, रेडीरेकनर (सरकारी दरपत्रक) बदलायच्या आत सगळ्यांनाच उरकायचं असतं. बाईच्या नावावर म्हणून मुद्रांक सात ऐवजी सहा टक्के, २,६४,००० आणि नोंदणीचे ३०,०००. सोसायटीने हस्तांतरण अधिमूल्याचा (फ्लॅट नव्या मालकाच्या नावावर करायच्या फीचा) मोठा आकडा सांगितला होता, त्यावर मी फक्त शासनाच्या २५,००० च्या कमाल मर्यादेचं परिपत्रक काढून ठेवलं, चर्चा तिथेच संपली.

माळ्यावरून काकूंनी नेलं ते पितळी बंब आणि एक फुलस्केप वह्यांचा गठ्ठा. बाकी अकरा पोती निघाली. जूनपासून भाडेकरू आहेत, दोन नर्सेस, तिसऱ्या मजल्याची तक्रार नाही.

आणि त्या बावीस पत्रांमधलं अजून एक मागच्या महिन्यात जागं झालं. ठाण्याहून फोन, म्हणाले तुमचं पत्र लाइटबिलांच्या फाइलीत सापडलं, तेव्हा विकायचं नव्हतं, आता आई गेली. मी म्हटलं घाई करू नका, दिवस वगैरे होऊ देत. परवा त्यांनीच परत फोन केला, शनिवारी चावी घेऊन येतायत. टॉर्च आणि मेजरटेप गाडीत टाकून ठेवलाय.