कार्ड मेलं नव्हतं, मीच त्याची बोलती बंद केली होती

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला तरी मी आज करू उद्या करू करत बसलो होतो, शेवटी एका रविवारी ११ टाकायला घेतलंच. मदरबोर्ड आणि प्रोसेसर २०१८ चे, इंटेलची आठवी जनरेशन, म्हणजे ११ ला चालणाऱ्यांच्या यादीत अगदी काठावर. ग्राफिक्स कार्ड मात्र २०१२ चं, आधीच्या मशीनमधून काढून यात लावलेलं. चालतंय ना, मग कशाला हात लावा.

चेक करणाऱ्या ॲपने दोन खोड्या काढल्या, टीपीएम (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी चिप) नाही आणि सिक्युअर बूट (मशीन उठताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) नाही. टीपीएम बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डच्या सेटिंगमध्ये, एका क्लिकवर चालू झालं. सिक्युअर बूटसाठी डिस्कची मांडणी जुन्या एमबीआर पद्धतीची नव्या जीपीटी पद्धतीत बदलावी लागते, त्याची कमांड विंडोजमध्येच असते आणि पटकन काम करते (बॅकअप घेऊनच करा, मी घेतला होता, त्या दिवसातलं तेवढं एकच शहाणपण). मग बायोसमध्ये सीएसएम नावाची सेटिंग बंद केली (ती चालू असताना सिक्युअर बूट होत नाही), सेव्ह, एक्झिट.

आणि स्क्रीन काळी ठिक्कर. 'नो सिग्नल' ची पाटी इकडून तिकडे फिरतेय आणि आत कार्डचा पंखा मजेत गरगरतोय.

मग नेहमीचे उद्योग. मोबाईलची टॉर्च तोंडात धरून स्क्रू काढला, स्लॉटच्या टोकाची ती छोटी क्लिप नखाने दाबली (ती कार्डखाली अशी लपलेली असते की पहिल्यांदा कार्ड ओढणारा माणूस बोर्डच उचकटतो), सोनेरी पट्टीवर खोडरबर घासला, परत बसवलं. काळंच. कार्ड काढून ठेवलं, केबल बोर्डच्या एचडीएमआयला लावली, तर चित्र लगेच हजर! म्हटलं गेलं कार्ड, वय झालं होतं. बोर्डच्या त्या एचडीएमआयवरच ११ टाकून मोकळा झालो, आणि पुढचे चार दिवस भेटेल त्याला सांगत होतो की नव्या विंडोजने कार्ड खाल्लं.

मामेभावाला फोनवर हेच ऐकवलं तर तो म्हणाला, "दादा, काळं नेमकं कधी होतं? विंडोजचा लोगो दिसतो का त्याच्या आधीच?" आधीच, अर्थात. "मग विंडोजचा काय संबंध? ते अजून उठलेलंच नाहीये."

गप्प बसलो. खरंच, कार्ड गेलं तेव्हा ११ टाकलेलंसुद्धा नव्हतं.

भानगड अशी की मशीन चालू झाल्या झाल्या जे पहिलं चित्र येतं ते ड्रायव्हर (विंडोजला कार्ड चालवायला शिकवणारं सॉफ्टवेअर) आणत नाही, कार्डवरच्या चिपमधला छोटासा प्रोग्राम आणतो. यूईएफआय, म्हणजे बायोसची नवी पद्धत, तिच्यात त्या प्रोग्राममध्ये जीओपी नावाचा भाग लागतो. २०१२ च्या आसपासच्या बऱ्याच कार्डांत तो नसतो, जुन्या पद्धतीचा बायोस असतो, आणि यूईएफआय आणि या जुन्या पद्धतीमधला दुभाषी म्हणजे हे सीएसएम. तोच मी हाकलून दिला होता. काही बोर्ड असं कार्ड दिसलं की सीएसएम आपणहून परत चालू करतात, माझा तेवढा समजूतदार नाही.

गंमत म्हणजे ११ ला सिक्युअर बूट चालू असायलाच हवं असं नाहीये, बोर्डला ते जमत असलं की पुरे. म्हणून सीएसएम परत चालू, त्यात स्टोरेज यूईएफआयवर आणि व्हिडिओ लेगसीवर (जुन्या पद्धतीवर), कार्ड लावलं, आणि आलं की चित्र! जीपीयू-झी (कार्डची माहिती दाखवणारं ॲप) उघडून पाहिलं तर बायोस व्हर्जनशेजारचा यूईएफआयचा चौकोन रिकामा. हे आधीच बघितलं असतं तर खोडरबर वाचला असता.

पुढे ड्रायव्हरचं होतंच. रिझोल्यूशन १०२४ बाय ७६८, सगळं फुगलेलं, डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'बेसिक डिस्प्ले अडॅप्टर'. हा मात्र खरा ड्रायव्हरचा लोचा, कारण लोगो दिसून गेल्यावरचा आहे. नेट बंद केलं नाहीतर विंडोज मध्येच आपला ड्रायव्हर कोंबतं, सेफ मोडमध्ये डीडीयू या ड्रायव्हर पुसणाऱ्या टूलने जुनं सगळं साफ केलं आणि या कार्डासाठी आलेला शेवटचा ड्रायव्हर टाकला, नवीनातला नवीन नाही, त्यातून इतकी जुनी कार्डं वगळलेली असतात.

आता सगळं चालतंय, फक्त सिक्युअर बूट बंद आहे, आणि ते चालू असल्याशिवाय काही ऑनलाइन गेम आत घेत नाहीत. मामेभाऊ त्याचं जुनं कार्ड देतो म्हणालाय. त्याला आधी तो चौकोन बघून सांग म्हटलंय.