पाताळकोट, नोंद ४ : भिंत, भुयार आणि अप्पासाहेबांचे नऊ महिने

मंडळी, छिंदवाडा जिल्ह्यातल्या पाताळकोटच्या खोल दरीतली, माणसाने बांधलेली म्हणून सांगतात ती ‘भिंत’ अखेर पाहून आलो. पहाटे चारला नागपूर सोडलं. सावनेर, सौंसर, छिंदवाडा, तामिया असं करत रातेडच्या कड्यावर पोचलो आणि तिथून दरीत राहणाऱ्या भारिया या आदिवासी जमातीतल्या एका वयस्क बाबांच्या मागोमाग खाली उतरलो.

दुरून ती खरंच बांधलेली वाटते. चौकोनी चिरे, सरळ सांधे, वर कंगोरा. हात लावल्यावर मात्र दिसतं की दगडातला लालसर थर एका चिऱ्यातून पुढच्या चिऱ्यात अखंड जातो. गवंड्याने रचलेल्या भिंतीत असं होत नाही, तिथे प्रत्येक दगडाचे थर वेगळे पडतात. वालुकाश्माला आडवे थर आणि उभ्या भेगा असल्या की तो असाच चौकोनात फुटतो. छिन्नीची खूण नाही, चुना नाही, पायथ्याशी एक खापरही नाही. तासभर बघितलं. उकरलं काहीच नाही, तो आपला नियमच आहे. भिंत जुन्या अवशेषांच्या माझ्या यादीतून बाद. फार वाईट वाटलं, दोन वर्षं तिचा फोटो मी जपून ठेवला होता.

भुयारांबद्दल थोडक्यात. पाताळकोटातून पचमढीला आणि देवगडहून (छिंदवाडा जिल्ह्यातली गोंड राजांची जुनी राजधानी) थेट नागपूरला भुयार होतं, असं सांगतात. देवगड-नागपूर अंतर सरळ रेषेतही ८० किलोमीटरच्या वर आहे. दीड मीटर रुंद, दोन मीटर उंच एवढंच खोदलं तरी २ लाख ४० हजार घनमीटर दगड बाहेर येतो. एवढा ढिगारा कुठे तरी दिसायला हवा. शिवाय हवा कुठून येणार? देवगडचा गोंड राजा बख्त बुलंदशहा याने १७०२ मध्ये नागपूर वसवलं, ते नातं खरं आहे. भुयाराच्या गोष्टीने बहुधा तेच नातं जमिनीखालून जोडलं.

आता खरी वजनदार गोष्ट : नागपूरचा भोसले राजा अप्पासाहेब दरीत लपला होता आणि तिथे त्याचा वाडा होता, असं सांगतात. इंग्रजांशी सीताबर्डीची लढाई झाली ती नोव्हेंबर १८१७ मध्ये. पुढे इंग्रजांच्या कैदेत अलाहाबादकडे नेत असताना मे १८१८ मध्ये अप्पासाहेब निसटले आणि महादेवाच्या डोंगरात, म्हणजे पचमढी-पाताळकोटच्या याच भागात, गोंडांच्या आसऱ्याला आले. हर्रईचा गोंड जमीनदार चैनशहा याने त्यांना साथ दिली. फेब्रुवारी १८१९ मध्ये ते असीरगडाकडे निघून गेले. म्हणजे डोंगरात जेमतेम नऊ महिने, मागावर इंग्रजांच्या पलटणी. असा माणूस वाडा बांधत नाही, झोपडी बदलत राहतो. राजाची कथा मला पटते, वाड्याची नाही. परतीच्या चढावर बाबांना विचारलं, तर ते एवढंच म्हणाले की राजा आला होता, राहिला नाही. त्यांच्या सांगण्यात वाडा नव्हताच! तो आपल्याकडे, दरीच्या वर, कधी तरी गोष्टीला चिकटला असावा.

म्हणून दंतकथा फेकून द्यायच्या नाहीत, असं माझं मत आहे. रामटेकजवळच्या मनसरची हिडिंबा टेकडी आठवा. हिडिंबेचं काही निघालं नाही, पण वाकाटककालीन विटांचं मंदिर निघालं. नाव चुकलं होतं, जागा नाही. पाताळकोटातही मी आता नाव सोडून जागा धरणार आहे. शेजारच्या पचमढीच्या डोंगरात संशोधक जी. आर. हंटर यांनी १९३० च्या दशकात डोरोथी डीप या कपारीत उत्खनन केलं, तेव्हा सूक्ष्म पाषाणास्त्रं, म्हणजे दगडाची अगदी बारीक हत्यारं, मिळाली. अहवाल नागपूर विद्यापीठाच्या नियतकालिकात छापला गेला. माणूस या डोंगरात राजाच्या हजारो वर्षं आधी राहत होता, फक्त तो भिंती बांधत नव्हता, कपारीत राहत होता.

पुढची फेरी दिवाळीनंतर, गवत वाळल्यावर. या वेळी कपारी बघायच्या : पूर्वेला तोंड असलेल्या, बारमाही पाण्याजवळच्या. कपारीत जुनी चित्रं असली तर तिरप्या उन्हात त्यांचा रंग उठून दिसतो, म्हणून मुक्काम खालीच करणार. बाबांनी सोबत यायचं कबूल केलं आहे. कोणाकडे त्या भागाचे जुने टोपो नकाशे (डोंगर-दऱ्यांचे चढउतार दाखवणारे) असतील तर मला पाहायला द्या.